रिसर्च कॉन्फरन्समधले अवॉर्ड्स : एन्ट्री फॉर्मपासून ट्रॉफीपर्यंत

मागच्या महिन्यात पुण्यात आमच्या मार्केट रिसर्चवाल्यांची दोन दिवसांची कॉन्फरन्स झाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे अवॉर्ड्स असतात, आणि या धंद्यात चोवीस वर्षं काढल्यावर मी पहिल्यांदाच एन्ट्री पाठवली होती. त्यानंतर चार-पाच जणींचे फोन आले की कसं असतं, पैसे वसूल होतात का, आपल्यासारख्या छोट्या एजन्सीने जावं का, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते.

कॉन्फरन्सचं नाव लिहीत नाहीये. करणारे बरेचसे लोक आपापली कामं सांभाळून हे करतात आणि खाली मी काही तक्रारी लिहिल्यात, त्या कुणा एकावर जायला नकोत. एमआरएसआय, म्हणजे मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया, १९८८ पासून आहे आणि त्यांचे गोल्डन की अवॉर्ड्स आपल्यातल्या सगळ्यांना माहीत आहेत. ही ती कॉन्फरन्स नाही, ही फार छोटी, अडीचशेच्या आसपास माणसं, एका हॉटेलचा एकच हॉल.

आधी माझी बाजू सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठल्या नजरेने लिहिलाय ते कळेल. मी फील्डवाली. कॉलेज संपल्यावर डोंबिवलीत साबणाच्या सर्व्हेचे फॉर्म भरायला सुरुवात केली, मग सुपरवायझर झाले, आता पुण्यात माझी बारा-पंधरा माणसांची फील्ड टीम आहे, मोठ्या एजन्सीज आम्हाला काम देतात. म्हणजे प्रश्नावली दुसरं कोणीतरी बनवतं, रिपोर्ट तिसरं कोणीतरी करतं, मधलं जे आहे ना, दारावर टकटक करून अनोळखी माणसाकडून पस्तीस मिनिटं खरी उत्तरं मिळवणं, ते आम्ही करतो. आणि आजवर या क्षेत्रातले जेवढे अवॉर्ड्स मी लांबून पाहिले त्यात बक्षीस मिळायचं ते प्रेझेंटेशन करणाऱ्याला. यंदा या कॉन्फरन्सने पहिल्यांदा फील्डवर्कची वेगळी कॅटेगरी ठेवली. ब्रिटनमध्ये त्यांची एमआरएस, १९४६ ची जुनी संस्था, ऑपरेशन्सवाल्यांसाठी वेगळे अवॉर्ड्स देते, लोक त्यांना ओपीज म्हणतात, ते ऐकून होते. आपल्याकडे कोणीतरी तसं करतंय म्हटल्यावर मी त्याच दिवशी फॉर्म डाउनलोड केला.

फॉर्म. फी सहा हजार अधिक जीएसटी, एका एन्ट्रीला. आमच्यासाठी ही रक्कम छोटी नाही, तेवढ्यात एका इंटरव्ह्यूअरचे कितीतरी दिवसांचे पैसे निघतात. आठशे शब्दांत लिहायचं, आणि इंग्रजीतच. इथे माझी पहिली तक्रार. फील्डवर्कची कॅटेगरी ठेवताय, ज्या माणसांनी काम केलं ती मराठीत, हिंदीत, कानडीत काम करतात, मग त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या की. मी मराठीत लिहिलं आणि मुलीकडून इंग्रजी करून घेतलं, पण त्यात जीव कमी झाला हे मला वाचताना कळत होतं. सगळ्यात अवघड भाग म्हणजे क्लायंटचं परवानगीचं पत्र. ते यायला सात आठवडे लागले, आणि आलं ते या अटीवर की ब्रँडचं नाव नाही, खरे आकडे नाहीत, सगळं इंडेक्स करून दाखवायचं, म्हणजे पहिल्या महिन्याला १०० धरायचं आणि बाकीचे त्याच्या तुलनेत. कोणाला एन्ट्री पाठवायची असेल तर प्रोजेक्ट संपतानाच हे पत्र मागून ठेवा, ओळखीचा माणूस नोकरी बदलून गेला की नवीन माणूस सही करत नाही.

आता प्रोजेक्ट काय होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक मसाल्याची कंपनी, पाकिटातला कांदा-लसूण मसाला विकते, सांगली-सातारा-कोल्हापूर भागात. त्यांची अडचण अशी की दिवाळीनंतर खप चढतो, आणि फाल्गुन-चैत्र आला की धाडकन पडतो. त्यांना वाटत होतं की कोणीतरी स्वस्तात माल टाकतंय. आता त्या भागातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की बाई, उन्हाळ्यात आम्ही वर्षाचं तिखट करतो. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी नाहीतर लवंगी, मिरच्या वाळवायच्या, खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजायचा, कांदा-लसूण, आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. पण कंपनीचे लोक मुंबईत बसतात आणि त्यांना कागदावर पाहिजे असतं, ते बरोबरच आहे, पैसे लावायचे तर कागद लागतोच. ३६० घरं करायची होती.

प्रश्नावली टॅबवर होती. त्यात प्रश्न होता की घरात कुठला मसाला वापरता. उत्तर यायचं, घरचा. संपलं, पुढच्या प्रश्नांना स्किप. आमच्या टीममध्ये एक सिनिअर इंटरव्ह्यूअर आहेत, इस्लामपूरकडच्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही मावशीच म्हणते. मावशींनी पहिल्या दोन दिवसांतच रिमार्कमध्ये लिहायला सुरुवात केली. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : "सासू म्हणाली आमच्यात पाकिटाचं चालत न्हाई. सून पाणी आणायला उठली तवा डब्याच्या मागं पाकीट दिसलं, क्लिप लावल्यालं." मग दुसऱ्या घरी तसंच. मग तिसऱ्या. संध्याकाळी स्क्रुटिनीला, म्हणजे भरलेले फॉर्म तपासायला, बसलो की मी रिमार्क वाचते, ही माझी जुनी सवय आहे, आकडे सगळेच बघतात. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की घरात पाकीट दिसलं तर उत्तर बदलायचं नाही, तिने नाही म्हटलंय तर नाहीच टिक करायचं, पण रिमार्कमध्ये लिहा. चाळीसच्या वर रिमार्क जमले.

मग मी एजन्सीच्या रिसर्च मॅडमना फोन केला, आणि त्यांचं कौतुक हे की त्यांनी मला फील्डवाली म्हणून उडवून लावलं नाही, त्या स्वतः बसने इस्लामपूरला आल्या. ठरलं असं की दुसरा टप्पा घरात करायचाच नाही. डंकावर करायचा. उन्हाळ्यात तिथे बायका मिरच्यांची पोती घेऊन नंबर लावून बसतात, दोन-दोन, तीन-तीन तास, सासू घरी असते, वेळच वेळ असतो आणि विषयही तोच चाललेला असतो. तिथे कळलं काय ते. घरचं तिखट पौष-माघात संपत येतं, तेव्हा ते पुरवायला पाकीट आणून त्यात मिसळतात, आणि हे कोणाला सांगत नाहीत, कारण तिखट वर्षभर पुरलं नाही म्हणजे बाईचा अंदाज चुकला असं घरात धरलं जातं. आणि दुसरं, पुण्याला शिकायला असलेल्या पोराला पाठवायला पाकीट बरं पडतं, फुटत नाही, सांडत नाही. म्हणजे कोणी स्वस्तात माल टाकत नव्हतं. घरच्या डब्याचं कॅलेंडर होतं ते. कंपनीने मग मोठ्या पाकिटावर जोर देणं सोडून थंडीच्या शेवटी छोटी पाकिटं गावातल्या दुकानात भरायला सुरुवात केली.

एवढं आठशे शब्दांत आणि इंग्रजीत लिहायचं होतं.

शॉर्टलिस्टचा मेल वेळेत आला, आयोजकांना त्याचे पूर्ण मार्क. पाच एन्ट्रीज निवडल्या होत्या, प्रत्येकीने पहिल्या दिवशी दुपारी ज्युरीसमोर आणि सगळ्या डेलिगेट्ससमोर मांडायचं होतं. हा प्रकार मला खूप आवडला, बंद खोलीत निकाल लावत नाहीत, सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात. ठरलेला वेळ बारा मिनिटं होता. प्रत्यक्षात मिळाली सात, कारण त्याआधीचं स्पॉन्सरचं सेशन पंचवीस मिनिटं लांबलं आणि कोणी उठून थांबवलं नाही. मी घरी घड्याळ लावून तालीम केली होती, बारा मिनिटांची. डंकाचा अर्धा भाग मला गाळावा लागला. ज्या सेशनमधून बक्षीस ठरणार त्याची मिनिटं कापायची आणि पैसे देणाऱ्याची वाढवायची, हे पुढच्या वर्षी तरी करू नका, ही माझी मनापासून विनंती आहे.

ज्युरी मात्र फार चांगली. चार जण होते, त्यातल्या एक बाई सरकारी सर्वेक्षणातून रिटायर झालेल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न, "टॅबच्या स्क्रिप्टमध्ये रिमार्कचा बॉक्स कोणी ठेवला?" मला इतका आनंद झाला ना तो प्रश्न ऐकून. कारण तो बॉक्स काढून टाकलेला होता. पेपरवर फॉर्म भरायचो तेव्हा कडेची मोकळी जागा असायची, टॅब आल्यापासून इंटरव्ह्यू लांबतो म्हणून तो बॉक्स सगळीकडून गायब होतो, आणि मी भांडून परत घालून घेतला होता. त्यांनी पुढे विचारलं की मळ्यातली घरं कशी निवडलीत. हा प्रश्न फील्ड केलेल्या माणसालाच सुचतो. शहरात आपण स्टार्टिंग पॉइंट घेतो आणि उजव्या हाताने चालत ठरावीक घरं सोडून टकटक करतो, पण वाळवा तालुक्यात घरं उसाच्या मळ्यांत विखुरलेली, तिथे उजवा हात धरून चाललात तर विहिरीवर पोहोचाल. आम्ही आधी एक दिवस नुसता फिरण्यात घातला, पोस्टमनला विचारून हाताने नकाशा काढला, वस्त्यांना नंबर दिले आणि त्यातून चिठ्ठ्या काढल्या. त्या एका दिवसाचे पैसे बजेटमध्ये नव्हते. तो नकाशा मी स्लाइडवर दाखवला तेव्हा हॉलमध्ये मागे बसलेले दोन-तीन सुपरवायझर उठून पुढे आले बघायला.

दुसऱ्या एका टीमने स्लाइडवर रिस्पॉन्डंटचे, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांचे, चेहरे दिसणारे फोटो दाखवले, त्यावर ज्युरीने लगेच विचारलं की फोटो स्टेजवर दाखवायची परवानगी घेतली होती का. नव्हती. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा झालाय, पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बाईने तुम्हाला घरात घेतलं तिचा चेहरा अडीचशे लोकांसमोर लावायचा नाही. ज्युरीने हे सगळ्यांसमोर स्पष्ट बोलून दाखवलं, मला ते फार योग्य वाटलं.

आणि आता विनर. आम्ही जिंकलो नाही, आम्हाला दुसरा नंबर मिळाला, आणि ज्यांना पहिला मिळाला त्यांचं काम ऐकून मी स्वतः त्यांनाच दिला असता. छत्रपती संभाजीनगरची चार माणसांची टीम. विषय होता वाळूजच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे लोक मोबाइलवरून पैशाचे व्यवहार कसे करतात. यात काय होतं, तुम्ही सकाळी अकराला दार वाजवलं तर जो घरात आहे तो भेटतो, आणि मग तुमचा सगळा सर्व्हे घरात असणाऱ्यांचा होतो. यावर उपाय जुना आहे, लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तक्ता दिला, घरातल्या सगळ्या प्रौढ माणसांची यादी करायची आणि तक्ता सांगेल त्याच माणसाशी बोलायचं, दार उघडणाऱ्याशी नाही. आपण सगळे किश ग्रिड म्हणून तो शिकतो, ट्रेनिंगमध्ये पाठ करतो, आणि फील्डवर मात्र तो माणूस घरी नसला की शेजारचं घर घेतलं जातं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. या टीमने शेजारचं घर घेतलं नाही. निवडलेला माणूस रात्रपाळीला असेल तर पहाटे, दुपारपाळीला असेल तर सकाळी, तीन-तीन फेऱ्या मारल्या. त्यांनी एकच स्लाइड दाखवली, पहिल्या फेरीत भेटलेल्यांची उत्तरं एका बाजूला आणि तिसऱ्या फेरीत भेटलेल्यांची दुसऱ्या बाजूला. दोन वेगळी गावं वाटावीत इतका फरक. हॉलमध्ये कोणी मोबाइल बघत नव्हतं त्या वेळी.

त्यांचा मुलगा, म्हणजे प्रेझेंट करणारा, असेल पंचवीस-सव्वीसचा, त्याला एका ज्युरीने विचारलं की तिसऱ्या फेरीचे पैसे क्लायंटने दिले का. तो म्हणाला, "नाही सर, आमचा नफा गेला त्यात." टाळ्या वाजल्या. टाळ्या मीही वाजवल्या, पण मला तिथे बसून वाटत होतं की हे कौतुक करताना आपण सगळ्यांनी, त्यात समोर बसलेले क्लायंटही आले, तिसऱ्या फेरीचे पैसे कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहायला सुरुवात करायला हवी. त्यावर पॅनेलमध्ये एक शब्द निघाला नाही.

फील्डला अवॉर्ड कशाला, ते तर नुसतं डेटा आणणं, असं चहाच्या वेळी एका माणसाने मला तोंडावर म्हटलं. भांडले नाही, पण त्याला एक गोष्ट सांगितली ती इथेही सांगते. पां. वा. सुखात्मे, साताऱ्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा, संख्याशास्त्रात जगभर नाव झालेला आपला माणूस, पुढे एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, गेले. पिकाचं उत्पन्न किती हे मोजायला शेतातला छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं आणि त्यावरून सगळा अंदाज काढायचा, अशी पद्धत. १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण काय, तर कापणारा माणूस रेषेवरची रोपं आत धरतो. छोट्या तुकड्यात कडा जास्त आणि आतलं क्षेत्र कमी, त्यामुळे ती चार रोपं निकाल बदलून टाकतात. म्हणजे सूत्र बरोबर, हिशोब बरोबर, आणि चूक कुठे, तर बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. आणि तिकडे दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, त्यांनी काय केलं, एकाच भागात दोन वेगळ्या टीम्स स्वतंत्रपणे पाठवायच्या आणि दोघींचे आकडे ताडून बघायचे, म्हणजे फरक पडला तर कळतं की गडबड माणसांकडून झालीय. आपण आज बॅक-चेक करतो, म्हणजे झालेल्या इंटरव्ह्यूंपैकी काही दुसऱ्या माणसाकडून परत तपासून घेतो, त्याच्या मागे हाच विचार आहे. दोघांचं आपसात पटायचं नाही, पण फील्डवरच्या हाताकडे दोघांनीही इतकं बारीक लक्ष दिलं. केंद्र सरकारने सुखात्म्यांच्या नावाने संख्याशास्त्रातल्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. चहावाल्या सद्गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कार्ड दिलं, कामही येईल बहुतेक.

इतर सेशन्सबद्दल थोडक्यात. आयसेक, म्हणजे सर्व्हेत घरांचे आर्थिक-सामाजिक वर्ग ठरवायची नवीन पद्धत, त्यावरचं सेशन उपयोगी होतं. एनसीसीएस या जुन्या पद्धतीत घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत ते बघायचो. गॅस, पंखा, टीव्ही सगळीकडे आल्यावर घरं नुसतीच वरच्या वर्गात सरकायला लागली. नवीन पद्धतीत मुख्य कमावत्याचा व्यवसाय आणि घरातला सर्वात शिकलेला पुरुष आणि सर्वात शिकलेली बाई, दोघांचं शिक्षण बघतात. फील्डवाली म्हणून मला हे आवडतं, वस्तू मोजताना लोक अवघडतात, आणि सुनेचं शिक्षण विचारलं की सासू अभिमानाने सांगते. एआयवरची सेशन्स तीन होती, एक पुरेसं होतं.

आता अवॉर्डची संध्याकाळ. एका एन्ट्रीला दोन पास फुकट, तिसऱ्यापासून प्रत्येकी साडेतीन हजार. फील्डवर्कच्या कॅटेगरीला दोन पास म्हणजे कोण आणि कोण? आम्ही सात जण होतो त्या प्रोजेक्टवर. मी दोन पासवर मावशी आणि आमचा सगळ्यात नवीन मुलगा यांना पाठवायचं ठरवलं आणि माझा पास विकत घेतला. बाकी चौघे घरी. त्या चौघांना मला फोनवरून निकाल सांगावा लागला, याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. फील्डच्या कॅटेगरीला निदान पाच पास द्या, जेवण नाही दिलंत तरी चालेल, मागे खुर्च्या टाका.

स्टेजवर मात्र आयोजकांनी एक गोष्ट अशी केली की मी त्यांचे सगळे गुन्हे माफ केले. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी कंपनीचं नाव घेतल्यावर विचारलं, फील्डवर कोण होतं, त्यांनीच वर या. मी मावशींना पुढे केलं. मावशी नऊवारी नाही, साधी सहावारी नेसून, पायात रोजच्याच चपला, त्याच चपला घालून त्या इस्लामपूर-आष्टा करतात. ताईंनी माईक दिला. मला वाटलं घाबरतील. मावशी म्हणाल्या, "मी एकोणीस वर्सं दारं वाजीवतीया. लोक दार उघडत्यात त्येचं बक्षीस त्यांनाच द्याया पायजे. पाणी देत्यात, चा देत्यात, खरं बोलत्यात." आणि माईक परत दिला. ज्युरीतल्या त्या रिटायर झालेल्या बाई उभ्या राहिल्या, मग पुढची रांग, मग सगळा हॉल. मी रडले, लपवत नाही.

जेवण ठीक. पनीरच्या दोन भाज्या, पुलाव, गुलाबजाम, जे असतं ते. मटकीची उसळ मात्र छान होती आणि ती लवकर संपली. पार्किंग पुरेसं नव्हतं, रिक्षाने जा.

ट्रॉफी काचेची, जड, दिसायला सुंदर. पण तिच्यावर काय लिहिलंय, तर वर्ष, कॅटेगरी आणि कंपनीचं नाव. माणसांची नावं नाहीत. सर्टिफिकेटही एकच, कंपनीच्या नावाने. मी दुसऱ्या दिवशी मेल करून विचारलं की सातही जणांच्या नावाने सर्टिफिकेट मिळेल का, पैसे देते. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की या वर्षी शक्य नाही, पुढच्या वर्षी बघू. मला त्यात काय अशक्य आहे ते समजलेलं नाही, पीडीएफच पाठवायची होती. इंटरव्ह्यूअर एका एजन्सीतून दुसऱ्या एजन्सीत जातात, रोजंदारीवर असतात, त्यांच्याकडे दाखवायला कागद नसतो, मग नवीन ठिकाणी परत नवशिक्याच्या रेटपासून सुरुवात. हातात एक कागद असेल तर पन्नास-शंभर रुपये रोज जास्त मागता येतात. शेवटी मीच माझ्या लेटरहेडवर सात पत्रं केली, प्रोजेक्ट काय होता, त्यांनी काय केलं, कितवा नंबर आला, सही-शिक्का, लॅमिनेट करून दिली.

आणखी एक, विजेत्यांची प्रेझेंटेशन्स कुठेही ठेवलेली नाहीत. वाळूजच्या त्या मुलाची ती एक स्लाइड मला माझ्या ट्रेनिंगमध्ये नवीन पोरांना दाखवायची होती. आयोजकांकडे मागितली, नाही म्हणाले, मग त्या मुलालाच फोन केला, त्याने अर्ध्या तासात पाठवली, क्लायंटचं सगळं झाकून. ज्युरीचे मार्क आणि शेरे मात्र प्रत्येक एन्ट्रीला मिळतात, आणि तो कागद सोन्यासारखा आहे. आम्हाला लिहिलंय की डंकावर येणाऱ्या बायका म्हणजे घरचा मसाला करणाऱ्याच, जिने करणंच सोडलंय ती तुमच्या दुसऱ्या टप्प्यात आलीच नाही. शंभर टक्के बरोबर आहे. हे मला प्रोजेक्ट चालू असताना सुचायला हवं होतं, आणि सहा हजारांतले निम्मे पैसे मी या एका ओळीचे समजते.

पाचपैकी साडेतीन देईन. ज्युरीला पाच, वेळेच्या नियोजनाला दोन, पासच्या नियमाला एक. मोठ्या एजन्सीच्या लोकांनी जावं की नाही ते त्यांचं ते बघतील, पण फील्ड चालवणाऱ्या छोट्या टीम्सनी नक्की एन्ट्री पाठवा, पाच एन्ट्रीज आल्यात तर कॅटेगरी टिकेल, नाहीतर बंद होईल. प्रोजेक्ट चालू असतानाच तयारी करा, रिमार्क्सची एक्सेल वेगळी ठेवा, हाताने काढलेले नकाशे टाकून देऊ नका, कोणत्या घरी कितव्या फेरीत माणूस भेटला त्याची नोंद ठेवा, आणि फोटो काढलेत तर चेहरा न येता काढा. मराठीतून एन्ट्री घ्या अशी मागणी मी लेखी पाठवलीय, तुम्हीही पाठवा, एका मेलने कोणी हलत नाही. पुढच्या एन्ट्रीसाठी मी मावशींना बरोबर घेऊन लिहायला बसणार आहे, विषय त्यांनीच काढलाय, डंकावर न येणाऱ्या बायका, आणि पहिल्या वस्तीचा नकाशा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढूनही ठेवलाय.